फुल्ल रेंज, पण नंबर लागेना

रविवारी पहाटे चार-साडेचारला बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने निघालेल्या गाड्यांपैकी बऱ्याच होसकोट्याला थांबतात. कारण एकच, बिर्याणी. इथली दम बिर्याणी उजाडायच्या आत खायची असते, आणि पातेल्याचं झाकण निघेपर्यंत रांग रस्त्यावर आलेली असते. मराठी वाचकाला होसकोटे ठाऊक असलंच तर ते शहाजीराजांच्या जहागिरीतलं गाव म्हणून, नाहीतर १७६८च्या ऑगस्टमध्ये इथे मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने घातलेल्या आणि फसलेल्या रात्रीच्या छाप्यामुळे. सध्याचे छापे बिर्याणीवर पडतात आणि ते फसत नाहीत.

रांगेत प्रत्येकाच्या हातात फोन. कुणी रील बघतोय, कुणी मागे राहिलेल्या मित्राला लोकेशन पाठवतोय. खिडकीपाशी पोचलेला माणूस क्यूआर कोड स्कॅन करून गोल गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत उभा आहे. कोपऱ्यात रेंजच्या चारही दांड्या भरलेल्या. मागचा म्हणतो, "रेंज तर फुल्ल आहे, मग?"

त्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज फोनला खणखणीत ऐकू येतोय. टॉवरला फोनचं ऐकायला सवड आहे का, आणि ऐकलं तर द्यायला जागा आहे का, याबद्दल त्या काही बोलत नाहीत. पैसे पाठवायला लागतात ते मोजके किलोबाइट. रील बघणाऱ्याच्या एका सेकंदात त्याच्या कितीतरी पट माहिती निघून जाते. तरी अडकलाय तो पैसे देणारा. हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी पक्की करू: मोबाइलच्या जगात रांगा दोन असतात. एक दारात आणि एक आत. दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

याच होसकोट्यात अजिबात रांग नसलेली एक बिनतारी वाटही आहे. भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं 'क्रेस्ट' हे केंद्र इथे आहे. तिथल्या खोलीत बसून खगोलशास्त्रज्ञ लडाखमधल्या हानलेची हिमालयन चंद्रा दुर्बीण चालवतात. दोन मीटर व्यासाची ही दुर्बीण सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि २००१ पासून ती होसकोट्याहून उपग्रहामार्फत हलवली जाते. आज्ञा छत्तीस हजार किलोमीटर वर जाते, तेवढीच खाली उतरते, आणि त्यात जवळपास पाव सेकंद जातो. पण ती वाट त्यांच्यासाठी राखीव आहे. दोन्ही टोकांना कोण आहे हे आधीच ठरलेलं, मध्ये घुसणारा कुणी नाही. राखीव वाटेचा तोटाही सरळ आहे: मालक वापरत नसला की ती रिकामी पडून राहते. एका टॉवरखाली हजारभर फोन असतात आणि त्यातले बहुतेक बहुतेक वेळ गप्प असतात. तिथे प्रत्येकाला अशी वाट देणं परवडणारं नाही. म्हणून सामाईक वाट आली, आणि तिच्यापाठोपाठ 'आधी कोण' हा प्रश्न.

आता दारातली रांग. खिशातला फोन गप्प असतो तेव्हा तो अमुक परिसरात कुठेतरी आहे, एवढंच नेटवर्कला ठाऊक असतं. त्याला काही पाठवायचं तर जागा मागावी लागते. पण मागण्यासाठी बोलावं लागतं, आणि बोलायला त्याला अजून जागाच मिळालेली नाही. हा पेच पहिल्यांदा नीट सोडवला तो हवाई बेटांवर. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात 'अलोहा' हे रेडिओ जाळं सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरच्या टर्मिनलांना एकाच संगणकाशी एकाच लहरीवरून बोलायचं होतं. अब्रामसननी परवानगीची भानगडच ठेवली नाही. वाटेल तेव्हा बोला. दोघं एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलायचं. गणित केल्यावर दिसलं की अशी वाट जेमतेम १८ टक्के भरते. वेळेच्या ठरावीक खाचा पाडून प्रत्येकाने खाचेच्या सुरुवातीलाच बोलायचं ठरवलं तर ३७ टक्के. त्यापुढे बोलणारे वाढले की एकमेकांवर आदळणंच वाढतं आणि पोचणारं कमी होत जातं. अर्धशतक उलटलं, पण आपल्या फोनची टॉवरला पहिली हाक अजून याच पद्धतीने जाते.

४जीमध्ये ही हाक कशी असते बघा. प्रत्येक सेलकडे ६४ ठरलेल्या खुणा असतात, ६४ वेगवेगळ्या शिट्ट्याच म्हणा. फोन त्यातली एक अंदाजाने उचलतो आणि वाजवतो. त्यात नाव नाही, नंबर नाही. कुणीतरी आलंय, एवढंच. टॉवर उत्तर देतो: अमुक खूण वाजवणाऱ्याने अमुक ठिकाणी, अमुक वेळी आपली ओळख सांगावी. एकच खूण दोघांनी उचलली असेल तर ते उत्तर दोघंही आपलंच समजतात आणि एकाच जागेवर एकदम बोलतात. चौथ्या पायरीवर टॉवर एकाचं नाव घेतो, कधी कुणाचंच नाही. ज्याचं नाव आलं नाही तो पहिल्यापासून सुरू करतो: सेकंदाच्या आत काही वेळ थांबतो आणि पुढची हाक किंचित जोरात मारतो.

६४ पैकी काही खुणा बाजूला ठेवलेल्या असतात; त्या कशासाठी ते पुढे येईल. समजा ५४ उरल्या आणि एकाच क्षणी दहा फोनांनी हाक मारली. ५४ खुणा आणि दहाच फोन, म्हणजे ऐसपैस जागा आहे असं वाटतं. पण निदान दोघांनी एकच खूण उचललेली असण्याची शक्यता ५९ टक्के येते. फोन वीस झाले की एकमेकांत न अडकलेला गट दिसणं जवळजवळ अशक्य. बिर्याणीच्या रांगेतल्या माणसाची फिरती चकती बऱ्याचदा इथेच, दारात अडलेली असते. आत जागा असेलही, पण आत जायचं कसं?

आता टॉवरने काय करावं? दार लावून घ्यायचं तर कुणासाठी? त्यासाठी प्रत्येक सिमकार्डात दोन बाइटची एक छोटी फाईल असते. दोन बाइट म्हणजे सोळा खाने. शून्य ते नऊ हे खाने तुमच्या-माझ्यासारख्यांचे. आपण कोणत्या खान्यात ते बहुतेक वेळा सिमच्या अंतर्गत क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं, म्हणजे सगळी जनता दहा सारख्या वाट्यांत वाटलेली. श्रीमंत-गरीब, प्रीपेड-पोस्टपेड असा भेद तिथे नाही. दहावा खाना सिमवर वापरत नाहीत; तातडीच्या कॉलसाठी दार उघडं आहे का, हे त्या क्रमांकाने टॉवरच जाहीर करतो. अकरा ते पंधरा मात्र खास आहेत: नेटवर्कचा स्वतःचा वापर, सुरक्षा दलं, पाणी-गॅससारख्या सार्वजनिक सेवा, आपत्कालीन सेवा, आणि कंपनीचे कर्मचारी.

गर्दी उसळली की जुन्या पद्धतीत टॉवर जाहीर करायचा की आता शून्य, एक आणि दोनवाल्यांनी बोलू नये. थोड्या वेळाने तीन, चार, पाच. ४जीमध्ये याहून सोपी युक्ती आली. टॉवर दोनच आकडे प्रसारित करतो: एक शक्यता आणि एक वेळ. समजा शक्यता अर्धी आणि वेळ १६ सेकंद. मग प्रत्येक फोन आपल्या आत शून्य ते एकमधला एक आकडा काढतो. तो अर्ध्यापेक्षा कमी आला तर हाक मारायची. जास्त आला तर १६ सेकंदांच्या आसपास गप्प बसायचं. खास खान्यातल्यांना ही सोडत लागू करायची की नाही, ते टॉवर वेगळं सांगतो. मला यातली गंमत वाटते ती ही की पहारेकरी दारात नाहीच. तो प्रत्येक फोनच्या पोटात बसलेला आहे आणि स्वतःच्या मालकाला अडवतोय. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. त्याला फक्त चकती दिसते.

जपानमध्ये ११ मार्च २०११च्या भूकंपानंतर मोबाइल कंपन्यांनी दारातच अडवण्याचा हा उपाय जोरात वापरला. आवाजी कॉल ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत अडवले. डेटा मात्र जवळपास मोकळा ठेवला, अडवला तिथेही फार तर ३० टक्के. संदेश पाठवा, बोलू नका, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे ११ जुलै २००६च्या संध्याकाळी मुंबईत हीच विभागणी कुणी न ठरवता झाली. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सहा चोवीसपासून अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. घरी परतायची वेळ, आणि प्रत्येक घरातून कुणी ना कुणी त्याच मार्गावर. सगळं शहर एकदम फोन लावत होतं. तेव्हाच्या जीएसएममध्ये एका कॅरिअरवर, म्हणजे लहरींच्या एका पट्टीवर, वेळेच्या आठ खाचा असायच्या. एका सेलमध्ये चार कॅरिअर धरले तर ३२ खाचा. दोन-तीन नियंत्रणाला गेल्या की एका वेळी तीसेक बोलणी. कोपनहेगनच्या आग्नर एरलांगने १९१७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेलं सूत्र लावलं, तर शंभरातले दोनच कॉल नाकारायचे या हिशेबाने हा सेल गर्दीच्या तासात सुमारे पावणेनऊशे माणसांना पुरतो, प्रत्येक जण तासात दीड मिनिट बोलतो असं धरून. शंभरात दोन हे प्रमाण आपल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायनेही मान्य केलेली मर्यादा होती. पावणेनऊशे जणांनी एकाच मिनिटात नंबर फिरवला तर मात्र तीस आत आणि बाकीचे बाहेर. आवाज थोडा खराब करून खाचेत दोघांना बसवलं तरी साठ. त्या संध्याकाळी कॉल लागत नव्हते, एसएमएस उशिराने का होईना पोचत होते. कारण एसएमएसला बोलण्याची खाच लागत नाही. तो नियंत्रणाच्या अरुंद वाटेने जातो. अनेक घरांना 'मी ठीक आहे' हे त्याच वाटेने कळलं.

मग अशा वेळी डॉक्टर, अग्निशमन, पोलिस यांच्यासाठी अकरा ते पंधराचे खाने का वापरू नयेत? लंडनने वापरून पाहिले. ७ जुलै २००५च्या स्फोटांनंतर तिथल्या समन्वय गटाने जनतेचे फोन बंद करायचे नाहीत असं ठरवलं होतं. घबराट पसरेल ही एक भीती. दुसरी भीती जास्त बोलकी: ज्यांच्याकडे खास फोन असायला हवेत त्यांच्याकडे ते आहेतच, याची खात्री नव्हती. तरीही सिटी ऑफ लंडन पोलिसांनी ऑल्डगेटभोवती एक किलोमीटरच्या परिसरात ओ२ कंपनीच्या नेटवर्कवर ही बंदी लावायला सांगितली आणि ती दुपारचे काही तास चालली. लंडन असेंब्लीच्या समितीने याची चौकशी करून पुढच्या वर्षी अहवाल दिला. लोकांचे लाखो कॉल त्या वेळात वाया गेले असावेत, असं अहवालात आहे. यंत्राने सांगितलं तसंच केलं. घोळ होता तो यादीचा: कुणाच्या खिशात कोणतं सिम आहे आणि हुकूम द्यायचा कुणी. सिमवरचे हे खाने १९९०च्या दशकातल्या जीएसएमपासून तयार आहेत. भारतात ट्रायने २०१३ मध्ये आपत्तीत काम करणाऱ्यांच्या कॉलना प्राधान्य द्यावं अशी शिफारस केली. तंत्र तोवर वीसेक वर्षांचं झालं होतं. यादी करणं हे अभियंत्याचं काम नव्हे, आणि ज्यांचं आहे त्यांना ते अवघड जातं. कारण यादीत एकाचं नाव घालायचं म्हणजे दुसऱ्याचं वगळायचं.

दार ओलांडलं की आतली रांग. इथे फोनची ओळख पटलेली असते आणि वाटपाचं काम टॉवरमधलं एक सॉफ्टवेअर करतं. त्याला शेड्यूलर म्हणतात. ४जीत दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, ते ठरवतं की पुढचा घास कुणाला. २० मेगाहर्ट्‌झची पट्टी असेल तर वाटायला शंभर तुकडे असतात, प्रत्येकी १८० किलोहर्ट्‌झचे. बीएसएनएलच्या देशी ४जीसाठी टॉवरवरची यंत्रणा पुरवणारी तेजस नेटवर्क्स बंगळूरचीच. म्हणजे हे 'पुढे कोण' ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणारे होसकोट्याहून फार लांब बसत नाहीत.

शंभर तुकडे सगळ्यांना सारखे वाटले तर? टॉवरजवळचा फोन एका लहरखुणेत आठ बिट कोंबू शकतो. लांबचा, भिंतीआडचा फोन दोनच, आणि तेही चुका सावरण्यासाठी बरंच पाणी घालून. म्हणजे तोच व्हिडिओ बघायला लांबचा माणूस जवळच्यापेक्षा कितीतरी जास्त तुकडे खातो. कंपनीला आकडे वाढवायचे असतील तर सगळं जवळच्यांनाच द्यावं. टॉवरचा एकूण वेग झकास दिसेल आणि कोपऱ्यातला माणूस उपाशी मरेल. यावरचा जो तोडगा जगभर रुजला तो १९९०च्या दशकाच्या शेवटी क्वालकॉमच्या डेटा प्रणालीसाठी डेव्हिड त्से यांनी सुचवला. प्रत्येक फोनचा या क्षणीचा शक्य वेग घ्या आणि त्याला आजवर मिळालेल्या सरासरी वेगाने भागा. ज्याचा भागाकार मोठा, त्याचा नंबर. जवळच्याला सरासरी २० एमबीपीएस मिळालेत आणि आत्ताही २०च शक्य आहेत: भागाकार एक. लांबच्याला आजवर २ मिळालेत, पण या क्षणी मधला ट्रक सरकला आणि ३ शक्य झाले: भागाकार दीड. नंबर लांबच्याचा. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या चांगल्या क्षणी वाढायचं, असा हा न्याय आहे. मला तो आपल्या बऱ्याच रांगांपेक्षा शहाणा वाटतो, कारण तो कमजोराला सवलत देत नाही आणि विसरतही नाही.

या न्यायावर आणखी एक थर असतो. प्रत्येक प्रवाहाला प्रकाराचा एक क्रमांक दिलेला असतो. कॉल जुळवणारे संकेत सगळ्यांत आधी, मग व्होल्टीचा, म्हणजे ४जीवरच्या कॉलचा आवाज, खाली खाली येत नऊ क्रमांकावर तुमचा-माझा साधा डेटा. म्हणून हल्ली गर्दीत बोलणं होतं पण पेमेंट होत नाही. २००६च्या मुंबईत जे पोचत होतं आणि जे अडत होतं त्याची अदलाबदल झाली. चालू कॉलची मर्जी तर आणखी राखली जाते. महामार्ग ७५ वरून धावणारी व्होल्वो (ती याच होसकोट्याच्या कारखान्यात बनलेली असू शकते) एका सेलमधून दुसऱ्यात शिरते तेव्हा पन्नास प्रवाशांचे फोन एकदम टॉवर बदलतात. मघाशी बाजूला ठेवलेल्या खुणा यांच्यासाठी. त्यांना नव्या दारात शिट्टीची सोडत लागत नाही, कारण नाकारलेल्या कॉलपेक्षा मध्येच तुटलेला कॉल माणसाला जास्त चिडवतो.

आठव्या आणि नवव्या क्रमांकात मात्र विलंबाचा, चुकांचा काही फरक नाही. फरक फक्त आधी-नंतरचा. आठवा 'प्रीमियम' ग्राहकांसाठी वापरता येईल, अशी सोय मानक लिहिणाऱ्यांनीच करून ठेवली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये वोडाफोन आयडियाने 'रेडएक्स' ही महागडी योजना आणली आणि जुलै २०२० मध्ये एअरटेलने ४९९ रुपये आणि त्यावरच्या पोस्टपेड ग्राहकांसाठी 'प्लॅटिनम'. दोन्हींत जास्त पैसे मोजणाऱ्याला ४जीवर वेगाचं आणि प्राधान्याचं आश्वासन होतं. ११ जुलै २०२० रोजी ट्रायने दोघांनाही हे थांबवायला सांगितलं आणि विचारलं की एकाला पुढे काढल्यावर बाकीच्यांची सेवा खालावणार नाही ना? शंभर तुकड्यांच्या हिशेबात याचं उत्तर आधीच लिहिलेलं आहे. टॉवर रिकामा असेल तर प्राधान्याला काही किंमत नाही, कारण सगळ्यांनाच पोटभर मिळतं. आणि टॉवर भरलेला असेल तर एकाला दिलेला तुकडा दुसऱ्याच्या ताटातूनच जातो. वोडाफोन आयडिया प्रकरण घेऊन टीडीसॅट या लवादाकडेही गेली. शेवटी प्राधान्याचा तो दावा बाजारातून मागे पडला.

५जीने दारातली रांग नव्याने आखली आहे. आता फोन हाक मारण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारतो: मी कोण, आणि मला कशासाठी यायचंय? 'मी कोण'साठी सोळा ओळखी आहेत. सर्वसामान्य ग्राहक शून्य, आपत्ती सेवांसाठी एक आणि दोन, आणि जुने अकरा ते पंधरा तसेच. 'कशासाठी'चे ६४ प्रकार. आलेल्या कॉलला उत्तर द्यायचं असेल तर प्रकार शून्य, आणि त्याला सहसा कुणी अडवत नाही. घाई नसलेल्या मीटर आणि सेन्सरांसाठी एक. वीज गेली आणि परत आली की एकदम जागी होणारी ही हजारो यंत्रं, होसकोट्यापासून नरसापूरपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, माणसांच्या आधी अडवता येतात. तातडीच्या कॉलला दोन, आवाजाला चार, एसएमएसला सहा, डेटाला सात. ३२ ते ६३ हे प्रकार मानकाने कोरे सोडलेत. त्यात कोणतं ॲप, कोणती सेवा भरायची ते कंपनीने ठरवायचं. २०२०चं ट्रायचं पत्र आतल्या रांगेबद्दल होतं. हे कोरे प्रकार दारावरचे आहेत.